चार ओळींचे मालक

तात्पुरते हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. रुग्णालयातला कुठलाही कॉम्प्युटर अडून बसला की ते येत, खुर्चीवरच्या माणसाला उठवत, थोडा वेळ सगळ्यांकडे पाठ करून बसत आणि उठताना म्हणत, "तात्पुरतं करून दिलंय. नीट नंतर बघतो." हे 'नंतर' त्यांच्या अख्ख्या नोकरीत कुणाच्या नजरेला पडलं नाही. वायरीला गुंडाळलेली चिकटपट्टी तात्पुरती, प्रिंटरच्या पायाखाली सरकवलेला पुठ्ठा तात्पुरता, एक्स-रे विभागात फळीवर उलटा ठेवलेला पंखा तात्पुरता. हळूहळू लोक त्यांना तोंडावरच 'तात्पुरते साहेब' म्हणू लागले. पुढे साहेब लावलेलं असल्यामुळे त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माणूस दिसायला कामाचा होता, हे कबूल करायला हवं. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर कायमची आठी. चालायचे असे, की तळमजल्यावर काहीतरी पेटलंय आणि ते विझवायला निघालेत. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा चहाला निघालेले असत.

त्यांचा खरा रुबाब होता तो शस्त्रक्रियेच्या यादीवर. खुबा, गुडघा बदलायचा असलेल्या लोकांची नावं नोंदवणारा एक प्रोग्राम रुग्णालयात होता. खालच्या लांब दालनात काचेच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीमागे एक कॉम्प्युटर, समोर लाकडी बाकं. नाव नोंदवायचं, नंबराचा कागद घ्यायचा आणि वर्षभर, दीड वर्ष, जेवढं नशिबात असेल तेवढं थांबायचं. हा प्रोग्राम तात्पुरत्यांनी लिहिलेला नव्हता. ज्या कंपनीनं लिहिला ती केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. जाताना तिच्या माणसानं यांना एक गोष्ट दाखवली. प्रोग्रामच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात चार ओळी. सर्व्हर कुठला, त्याच्यावरचा डेटाबेस कुठला, आत कुणाच्या नावानं शिरायचं आणि पासवर्ड काय. प्रोग्राम सुरू होताना एकदा ही फाइल वाचतो, तिच्यात लिहिलेल्या ठिकाणी जातो आणि मग दिवसभर तिथलीच नावं दाखवतो, तिथंच नवी नावं टाकतो. ठिकाण बरोबर की चूक, याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. ज्याला नोटपॅड उघडता येतं त्याला जमावं, एवढंच ते काम.

पण या चार ओळींवर तात्पुरत्यांनी आयुष्याचं दुकान थाटलं. फाइल उघडायची झाली की ते खोलीतल्या लोकांना आधी बाहेर काढत, नाहीतर निदान भिंतीकडे तोंड करायला लावत. पासवर्ड एकपासून सहापर्यंतचे सरळ आकडे होता. तो टाइप करताना त्यांचे खांदे असे वर यायचे, जसे परीक्षेत शेजाऱ्यापासून पेपर लपवणाऱ्या पोराचे. कुणी विचारलंच की नेमकं काय केलंत, तर म्हणत, "कनेक्शनचा विषय आहे, तुम्ही त्यात पडू नका." फाइलचं नावसुद्धा त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. चार ओळींची किंमत चारच ओळी आहे हे कळलं तर आपली किंमत किती उरेल, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. बाकी कुठल्या हिशेबात ते इतके हुशार नव्हते.

घरी त्यांची अक्का होती. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, तेव्हा अक्कानं शिवणाच्या मशीनवर पाय मारून धाकट्या भावाला शिकवलं. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. भावाचंही जमलं नाही, ते मात्र त्याच्या स्वभावामुळे. दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आयुष्यभर पायानं मशीन चालवून अक्काचा उजवा खुबा झिजून गेला होता. जिन्याची एकेक पायरी ती कठडा धरून, तोंडानं काहीतरी पुटपुटत उतरायची. ते पुटपुटणं म्हणजे देवाचं नाव नसून शिव्या आहेत, हे फक्त भावाला माहीत होतं.

एवढं होऊनही तात्पुरते अंग हलवत नव्हते. शेवटी अक्कानंच एक दिवस स्पष्ट सांगितलं, की तू जिथं काम करतोस तिथं माझं नाव घालणार आहेस की मी लोकांकडे शब्द टाकू? मग मात्र साहेबांना बहिणीपुढे तोरा मिरवायची हुक्की आली. त्याच सुमारास तिसऱ्या खिडकीवर नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि दुसऱ्या विभागातून बदलून आलेल्या एका बाई तिथं बसू लागल्या होत्या. बाईंना शिकता यावं म्हणून तात्पुरत्यांनी त्या कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये डेटाबेसच्या ओळीत सरावाच्या डेटाबेसचं नाव घातलं होतं. सर्व्हरवर दोन डेटाबेस होते, एक खरा आणि एक सरावाचा. सरावाच्यात काहीही लिहा, पुसा, चुका करा, कुणाचं काही बिघडत नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. पडदा मात्र दोन्हीकडे डिट्टो सारखा.

बाई नवीन होत्या, पण डोकं जाग्यावर होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, की समोर आहे ती खरी यादी की सरावाची, हे पडद्यावर कुठं कळतं? तात्पुरते हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही नावं भरा. कुठं जातात ते बघायला मी आहे." दोन दिवस सराव झाला, बाईंचा हात बसला, त्यांनी विचारलं की आता खरं काम सुरू करू का. तात्पुरते तेव्हा दारात उभे होते आणि चहा निवत होता. त्यांनी मान हलवली. फाइल बदलायची राहून गेली.

खरं काम सुरू झालं. निवृत्त झालेला एक बसड्रायव्हर आला, दोन्ही गुडघे गेलेला. बाईंनी त्याचं नाव शुद्ध, स्वच्छ, बिनचूक नोंदवलं. त्याच्या मागोमाग साहेब स्वतः अक्काला घेऊन आले, खुर्ची मागवली आणि तिचं नाव आपल्यासमोर नोंदवून घेतलं. अक्कानं नंबराचा कागद नीट घडी घालून ठेवला. मग आणखी लोक आले. रोज येत राहिले.

आता कुणी म्हणेल, इतके दिवस हे उघडकीला कसं आलं नाही? त्याचं श्रेय रुग्णालयाच्या एका जुन्या शिस्तीला. जिथं नाव नोंदवलं त्याच खिडकीवर चौकशी करायची, अशी पाटीच दालनात लावलेली होती. तिसऱ्या खिडकीचा माणूस चुकून दुसऱ्या खिडकीवर गेला तर तिथं त्याचं नाव सापडायचं नाही आणि तिथला कारकून पाटीकडे बोट दाखवायचा. माणूस लंगडत तिसऱ्या खिडकीवर यायचा, बाई प्रेमानं पडद्यावर बघायच्या आणि सांगायच्या, "आहे हो तुमचं नाव, काळजी करू नका." नाव होतंच. फक्त ज्या यादीत होतं तिला जगात कुणी विचारत नव्हतं. रांग मोठी, त्यामुळे बोलावणं येत नाही म्हणून संशय घ्यावा असं कुणाला वाटलं नाही. उलट चौकशीच्या निमित्तानं तिसऱ्या खिडकीसमोरच्या बाकावर एक मंडळच तयार झालं. ड्रायव्हर, अक्का आणि त्यांच्यासारखे आणखी काही. महिन्यातून एकदा यायचं, एकमेकांचे पाय विचारायचे, डॉक्टरांना नावं ठेवायची आणि उठताना एकमेकांना हात द्यायचा. अक्काला त्या बाकाची सवय लागली होती. घरी तिच्याशी बोलायला होतं तरी कोण?

मग जुना सर्व्हर कुरकुरू लागला आणि नवा आला. सर्व्हर बदलला की ठिकाण बदललं, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या फाइलची पहिली ओळ बदलणं आलं. तात्पुरते खिडकीमागून खिडकी करत, माणसं उठवत, खांदे उचलत तिसऱ्या खिडकीवर पोचले. फाइल उघडली. पहिली ओळ बदलली. आणि डोळे सहज दुसऱ्या ओळीवर गेले.

तिथं अजून सरावाच्याच डेटाबेसचं नाव होतं. पण जरा बघा, या माणसाच्या मनात पहिलं काय आलं. ड्रायव्हर नाही, बाकावरचे बाकीचे नाहीत. पहिलं आलं की हे कुणी बघितलं तर नाही ना? मागे वळून बघितलं. बाई शिस्तीत भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. दुसरं मनात आलं, अक्का.

खऱ्या माणसानं काय केलं असतं हे सांगायला नको. वर जाऊन अधीक्षकांना सांगायचं, सगळी नावं त्यांच्या त्यांच्या तारखेनं खऱ्या यादीत आणायची, शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं. तात्पुरत्यांनी मनातल्या मनात दुसरी आखणी केली. सगळी नावं एकदम आणली तर यादीच्या मध्ये अचानक एवढी गर्दी कुठून झाली, हे वरच्या मजल्यावर विचारलं जाणार. एक नाव आणलं तर कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्यांनी एक नाव आणलं. अक्काचं, जुन्या तारखेनं.

आणि पुढे जे केलं त्याला तर नावच नाही. तिसऱ्या खिडकीची दुसरी ओळ त्यांनी बदललीच नाही. बदलली असती तर बाईंच्या पडद्यावर खरी यादी आली असती आणि बाकावरच्या लोकांची नावं दिसेनाशी झाली असती. म्हणून सरावाचा डेटाबेससुद्धा त्यांनी नव्या सर्व्हरवर जपून नेला आणि बाईंना त्यातच लिहू दिलं. रोज नवे लोक येत होते, कण्हत खुर्चीवर बसत होते, बाई त्यांना नंबर देत होत्या, आणि काचेमागून जाताना साहेब ते बघत होते. पहिल्यांदा झाली ती चूक होती. आता ती दिनचर्या झाली.

अक्काला बोलावण्याचा फोन आला तेव्हा ती एकदम खूश झाली नाही. ती जेवताना ताटावरून मान वर करून म्हणाली, ड्रायव्हरभाऊंनाही आला असेल ना? तात्पुरते म्हणाले, येईल. अक्का म्हणाली, त्यांचा नंबर माझ्या आधीचा आहे, मग मला आधी कसा आला? तात्पुरत्यांनी डॉक्टरांचं वेळापत्रक सांगितलं, गुडघ्याची यादी वेगळी आणि खुब्याची वेगळी असं काहीबाही सांगितलं. अक्कानं आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून परत शिवलेले. कुठला टाका कच्चा आहे ते तिला हातानं कळायचं. तिनं एकेक प्रश्न विचारत सगळं उसवून काढलं. शेवटी शेवटी तर साहेबांना आपण किती शिताफीनं एकच नाव सरकवलं हे सांगायचा मोहही आवरला नाही. तिला कौतुक वाटेल अशी त्यांची समजूत होती.

अक्कानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "हे बघ, ऑपरेशन मी करून घेणार. नको म्हणण्याइतकी मी मोठी नाही, मला फार दुखतं. पण स्वतःच्या पायांनी चालता यायला लागलं की पहिली त्या बाकापर्यंत येईन आणि सगळं सांगेन. त्याच्या आत तू सांगितलंस तर तुझी अब्रू तुझ्याकडे राहील."

अक्का काही संत नव्हती. इतरांना बाकावर बसवून तिनं आपला खुबा आधी बदलून घेतला, हे खरंच आहे. ते तिला रात्रंदिवस टोचत होतं, हेही खरं आहे. तात्पुरत्यांना मात्र काहीच टोचलं नाही. त्यांना फक्त भीती वाटली.

शस्त्रक्रिया नीट झाली. अक्का घरी आली आणि तिथून साहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा काळ सुरू झाला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, आजी, छान, आज खिडकीपर्यंत गेलात. ते 'छान' साहेबांना ऐकायला नको व्हायचं. ज्या बहिणीनं पाय झिजवून वाढवलं तिचा पाय बरा होऊ नये, निदान लवकर बरा होऊ नये, अशी इच्छा करत हा माणूस संध्याकाळी घरी यायचा. घाई करू नकोस म्हणायचा. दुखत असेल तर राहू दे म्हणायचा. एक मऊ, खोल खुर्ची विकत आणली, जिच्यातून उठणं धडधाकट माणसालाही जड जावं. अक्का तिच्यात एकदाही बसली नाही. मग चालताना धरायच्या वॉकरचं रबर सैल झालंय असं म्हणून, दुरुस्त करून आणतो सांगून, त्यांनी तो कार्यालयात नेला आणि कपाटामागे ठेवून दिला. अक्कानं वॉकर मागितलाच नाही. ती भिंतीला हात लावून चालू लागली. भिंतीवर तिच्या पंजाचा एक मळकट पट्टा उमटला, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, आणि तो दर आठवड्याला थोडा लांबत गेला. साहेब रोज घरी आले की आधी त्या पट्ट्याकडे बघत.

सांगून टाकायची संधी त्यांना होती. एकदा तर ते अधीक्षकांच्या दारात गेले, आतही गेले, आणि नव्या कीबोर्डची मागणी करून बाहेर आले. दुसऱ्यांदा बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. बाईंनी विचारलं, काही हवंय का? ते म्हणाले, पडद्याचा उजेड जरा कमी करा, डोळ्यांना त्रास होतो.

अक्का आली ती सकाळच्या गर्दीच्या वेळी. साहेब आपल्या खोलीत होते, त्यांना कुणीतरी सांगितलं की तुमच्या बहीणबाई आल्यात. ते धावत खाली आले. तिसऱ्या खिडकीसमोर अक्का उभी होती, काठी नाही, कुणाचा हात नाही. सगळं सांगून झालेलं होतं. तिनं आवाज चढवला नव्हता, तरी अख्ख्या दालनात गलका सुरू झाला होता. काचेमागे बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, हात कीबोर्डपासून लांब धरून, जणू तो भाजेल. तो ऐकून अधीक्षकही जिना उतरून आले होते.

तात्पुरत्यांनी इतक्या लोकांसमोर काय करावं? त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की बाई नवीन आहेत, त्यांच्याकडून सरावाचाच प्रोग्राम चालू राहिला असेल, असं होतं कधी कधी.

बाई त्यांच्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच.

अधीक्षक फार बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी तात्पुरत्यांना बाईंच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि पडदा काचेकडे, लोकांकडे फिरवायला लावला. म्हणाले, तो प्रोग्राम कुठं काय वाचतो ते इथं उघडा. साहेब म्हणाले, कनेक्शनचा विषय आहे, सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरं नव्हे. अधीक्षक म्हणाले, "उघडा. आणि मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं. सर्व्हरचा पत्ता वाचला. दुसरी ओळ वाचताना आवाज इतका बारीक झाला की अधीक्षकांनी ती परत वाचायला लावली. मग नाव वाचलं, मग पासवर्ड, एकपासून सहापर्यंत. मागून कुणीतरी हसलं. ज्या गोष्टीपायी माणसं वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती एवढीशीच होती, हे त्या हसण्यात सगळ्यांना कळलं. बाईंचं लक्ष त्या हसण्याकडे नव्हतं. त्या दुसऱ्या ओळीकडे बघत होत्या.

बाकावरून ड्रायव्हर उठला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, दोनदा प्रयत्न करून उठला आणि काचेशी आला. पडद्यावरची ती ओळ त्यानं चष्मा सावरून वाचली. तो रागावलेला दिसत नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे साहेब," तो म्हणाला, "आम्ही एवढे दिवस थांबायचा सराव करत होतो का?"

तात्पुरत्यांनी काचेतून अक्काकडे बघितलं. लहानपणी कुणी दारात भांडायला आलं की ते असेच तिच्याकडे बघायचे, आणि दर वेळी ती पुढे होऊन त्यांच्या वतीनं उत्तर द्यायची. अक्का ड्रायव्हरच्या शेजारी उभी होती, त्याला धरायला हात पुढे करून.

"ते तुला विचारतायत," ती म्हणाली. "तूच सांग."